मांगाशी इमान राखायचं म्हणजे नेमकं कशाशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मांगा मुळातच चित्रांतून सांगितलेली जपानी गोष्ट आहे, मग ती टीव्हीवर आणताना बदल करायचेच कशाला? चौकटी ओळीने घ्याव्यात, रंग भरावेत, हलवाव्यात, आवाज द्यावा, झाली प्रामाणिक अ‍ॅनिमे मालिका. आणि जोडप्रश्न: ‘फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड’ एवढी मुळाबरहुकूम असूनही तिचे सुरुवातीचे दहा-बारा भाग धापा टाकत पळाल्यासारखे का वाटतात?

दोन्हीचं उत्तर वेळेत आहे. मांगा वाचताना घड्याळ वाचकाच्या हातात असतं. एखाद्या चेहऱ्यावर तो दहा सेकंद थांबतो, मारामारीची सहा पानं दहा सेकंदांत उलटतो, आवडलेलं पान परत मागे जाऊन बघतो. मालिकेत ते घड्याळ दिग्दर्शक काढून घेतो. म्हणजे चौकटी, संवाद, क्रम सगळं जसंच्या तसं ठेवलं तरी एक गोष्ट बदलतेच, ती म्हणजे कशावर किती वेळ जातो. तेवढंच सांभाळायचं असतं आणि तेच सगळ्यात अवघड आहे. बाकीचं सगळं सांभाळून हे एक बिघडवलं, तर हाती येते ती मक्षिकास्थाने मक्षिका.

आधी हिशोब बघू. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वजा जाता मालिकेला साधारण 24 मिनिटं मिळतात. सुरुवातीचं गाणं 90 सेकंद, शेवटचं 90 सेकंद, पुढच्या भागाची झलक पंधरा ते तीस सेकंद. उरतात साडेवीस मिनिटं, म्हणजे 1,230 सेकंद. एका भागात सरासरी 300 कट, म्हणजे कॅमेरा न तोडता दिसणारे सलग तुकडे, धरले, तर एका कटाला चार सेकंद येतात. आता दुसरी बाजू. साप्ताहिक मांगाचं प्रकरण 19 पानांच्या आसपास असतं, पानाला पाच-सहा चौकटी, म्हणजे प्रकरणाला शंभरेक. अडीच प्रकरणांच्या अडीचशे चौकटी, त्यात जागा दाखवणारे, प्रतिक्रियांचे आणि हालचालीचे पन्नासेक कट घातले की 300 भरतात. दोन ते तीन प्रकरणांना एक भाग हा जो अंदाज सगळे सांगतात, तो असा येतो. मासिकातलं प्रकरण चाळीस-पंचेचाळीस पानांचं असतं, तिथे एकच प्रकरण जवळजवळ एक भाग खातं.

प्रकरणांची लांबी मासिकागणिक बदलते, म्हणून तुलना करायची तर खंडाला, म्हणजे प्रकरणं एकत्र करून छापलेल्या पुस्तकाला, किती भाग दिले ते मोजावं. नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ 18 खंडांची. मासायुकी कोजिमा यांनी मॅडहाउस स्टुडिओत ती 2004-05 मध्ये 74 भागांत केली. खंडाला चार भाग पडले, आणि इतक्या संथ, संशयाने भरलेल्या कथेला ते हवेच होते. ‘फ्रूट्स बास्केट’च्या 2019 ते 2021 मधल्या नव्या मालिकेने 23 खंडांना 63 भाग दिले, म्हणजे खंडाला पावणेतीन. ‘फ्रीरेन’च्या पहिल्या 28 भागांत साठ प्रकरणं आली, भागाला जेमतेम दोन. ‘मुशिशी’त तर एका भागाला एक प्रकरण, कारण तिथे प्रत्येक प्रकरण स्वतंत्र गोष्ट आहे. आणि ‘ब्रदरहुड’? 27 खंड, 64 भाग. खंडाला 2.4. यादीत सगळ्यात घाईची हीच आहे, आणि ती घाईसुद्धा सगळीकडे सारखी वाटलेली नाही.

हिरोमु अराकावा यांची ही मांगा 2001 ते 2010 अशी मासिकातून येत होती, एकूण 108 प्रकरणं. पहिली मालिका बोन्स स्टुडिओने ऑक्टोबर 2003 मध्ये सुरू केली, दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा, 51 भाग. तेव्हा मांगा अर्ध्यावरही नव्हती, म्हणून लेखिकेच्या संमतीने मालिकेने मधूनच आपली वेगळी वाट धरली. दुसरी, म्हणजे ‘ब्रदरहुड’, त्याच स्टुडिओने यासुहिरो इरिए यांच्या दिग्दर्शनाखाली एप्रिल 2009 मध्ये सुरू केली, ती मुळाबरहुकूम. आता एकच प्रसंग घ्या: नायकांचा मित्र असलेला लष्करी अधिकारी ह्यूज, त्याचा मृत्यू. (ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) मांगात तो चौथ्या खंडात येतो. ‘ब्रदरहुड’मध्ये दहाव्या भागात. 2003 च्या, मुळापासून फारकत घेतलेल्या मालिकेत पंचविसाव्या भागात. तोवर त्या मालिकेने ह्यूजला घरी, कचेरीत, फोनवर, नको तिथे मुलीचे फोटो दाखवताना इतक्यांदा आणलेलं असतं की तो घरचाच माणूस झालेला असतो. सहाव्या भागातला त्याच्या मुलीच्या जन्माचा प्रसंग तर मांगात नाहीच, तो मालिकेने रचला. म्हणजे घटनाक्रमात बेइमान असलेली मालिका या एका मृत्यूच्या वजनाशी जास्त इमानी निघाली.

‘ब्रदरहुड’च्या पहिल्या चौदा भागांत सुमारे सात खंड संपतात, म्हणजे खंडाला दोन भाग. पुढच्या पन्नास भागांना वीस खंड, म्हणजे अडीच. फरक अर्ध्या भागाचा दिसतो, पण दर खंडामागे तो दहा मिनिटांचा आहे. शिवाय पहिला भाग मांगात नसलेल्या कथेवर खर्च झाला. युसवेल खाणीचं प्रकरण आणि आगगाडीवरच्या हल्ल्याचं प्रकरण सुरुवातीतून गाळलं, खाणीचा संदर्भ पुढे ओझरता आला. कारण समजण्यासारखं आहे: हा मजकूर प्रेक्षकांनी पाचच वर्षांपूर्वी पाहिला होता आणि शेवटच्या मोठ्या लढाईसाठी भाग राखून ठेवायचे होते. तो शेवट त्यामुळेच दमदार झाला. पण ज्याने पहिली मालिका पाहिलेली नाही, त्याच्यासाठी पाया कच्चा राहिला. माझ्या मते सुरुवातीला आणखी चार भाग दिले असते, तर आज ही तक्रार राहिली नसती.

यावरून मालिका-रचनेचं काम कसं करायचं ते कळतं. जपानमध्ये या कामाला स्वतंत्र माणूस असतो, पदाचं नावच ‘शिरीझु कोसेई’. तो शेवटापासून सुरुवात करतो. बारा-तेरा भागांचा एक तिमाही हंगाम किंवा दोन हंगाम मिळून चोवीस-सव्वीस, यांपैकी काय मंजूर झालंय ते आधी ठरलेलं असतं. त्यात मांगातला कोणता थांबा येतो ते आधी शोधायचं. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा पहिला हंगाम बारा भागांत, 37 व्या प्रकरणापाशी, मुलं अनाथालयातून निसटतात तिथे थांबतो. याहून चांगली जागा नव्हती. थांबा सापडला की मागे येत मोठे प्रसंग भागांच्या शेवटी किंवा मध्यंतरापाशी बसवायचे, आणि मग मधली प्रकरणं वाटायची. सुरुवातीपासून तीन-तीन प्रकरणं कापत गेलात, तर अकराव्या भागात लक्षात येतं की शेवटासाठी सहा प्रकरणं उरलीत आणि मिनिटं चाळीस.

प्रकरण गाळताना एक परीक्षा लावावी: यातलं काय पुढे परत येतं? माणूस, वस्तू, वाक्य, जखम. परत येणारी गोष्ट एका कटात दुसरीकडे हलवता येत असेल, तर प्रकरण गाळता येतं. येत नसेल तर नाही. क्रम बदलणं हे गाळण्यापेक्षा कमी धोक्याचं. ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये मांगा आधी पाच वर्षं उडी मारते आणि सैनिकी प्रशिक्षण नंतर आठवणींतून सांगते. 2013 च्या मालिकेने ते तिसऱ्या-चौथ्या भागात सरळ कालक्रमाने आणलं. दर आठवड्याला एकच भाग बघणाऱ्याला सहकारी आधी ओळखीचे झाले, म्हणून पुढे ते मरतात तेव्हा लागतं. क्रम मोडला, परिणाम टिकला.

मांगा चालू असतानाच मालिका तिला गाठायला लागली, की उलटं दुखणं जडतं. मग भाग ताणायचे किंवा पदरची कथा घालायची. ‘नारुतो’च्या पहिल्या 220 भागांपैकी शेवटचे ऐंशीहून जास्त जवळजवळ सगळे फिलर आहेत. ‘ड्रॅगन बॉल झेड’ची 2009 पासून नवी काटछाट झाली, तेव्हा सेल या खलनायकाच्या कथेपर्यंतचे 194 भाग शंभराच्या आत बसले, म्हणजे निम्मा वेळ रोखलेल्या नजरा आणि किंचाळण्यात गेला होता. ताणलेल्या मालिकेत एकही चौकट गाळलेली नसते, तरी मांगा वाचल्यासारखं वाटत नाही, ते यामुळे. आता बहुतेक मालिका हंगामी असतात, त्यामुळे हे दुखणं कमी झालंय.

खरी कसोटी स्टोरीबोर्डला, म्हणजे ‘ए-कोन्ते’ला. कोन्तेच्या कागदावर उभे रकाने असतात: कटाचा क्रमांक, चित्र, हालचालीची टीप, संवाद, आणि शेवटी वेळ, सेकंद अधिक फ्रेम. सेकंदाला 24 फ्रेम. घोडं पेंड खातं ते या शेवटच्या रकान्यात. नवखा माणूस मांगाचं पान समोर ठेवतो, चित्रं उतरवून घेतो आणि प्रत्येक कटाला तीन सेकंद लिहून टाकतो. मांगाकाराने मात्र चौकटीच्या आकारातूनच वेळ सांगितलेली असते. पानभर चौकट म्हणजे थांब. पानाच्या कडेच्या तीन चिंचोळ्या पट्ट्या म्हणजे झटझट पुढे जा. टीव्हीच्या पडद्याला चौकटीचा आकार बदलता येत नाही, सगळं 16:9. म्हणून आकाराचं रूपांतर वेळेत करायचं: चिंचोळ्या पट्ट्यांना बारा-पंधरा फ्रेम, पानभर चौकटीला सहा-सात सेकंद.

उभी चौकट आडव्या पडद्यात बसत नाही, तिथे कॅमेरा खालून वर किंवा वरून खाली न्यावा लागतो. डोळा मांगात ज्या दिशेने सरकतो, तीच दिशा ठेवावी. उभ्या चौकटीत चेहरा वर आणि रक्ताळलेला हात खाली असेल, तर वाचकाला हात शेवटी दिसतो. कॅमेरा खालून वर नेलात की गुपित आधीच फुटतं. दोन पानांवर पसरलेलं चित्र, ‘मिहिराकी’, थोडं बरं, कारण ते आडवंच असतं. पण त्याची ताकद निम्मी त्याच्या आधीच्या गर्दीच्या पानात असते. आधीचे दहा-बारा कट जवळचे आणि कोंदट ठेवले नाहीत, तर भव्य चित्र नुसतं वॉलपेपर दिसतं.

पान उलटणं हा मांगातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जालीम पडदा. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे चालतं, त्यामुळे डाव्या पानाच्या तळाची चौकट आमिष असते आणि उलटल्यावर उजव्या पानाच्या माथ्यावर स्फोट. मालिकेत उलटायला पान नाही. त्याची भरपाई आमिषाच्या कटावर अर्धा-पाऊण सेकंद जास्त रेंगाळून, आवाज अचानक बंद करून, किंवा तिथेच मध्यंतराची पाटी टाकून करता येते. खंडाची प्रत समोर ठेवून प्रत्येक पान-उलटीवर पेन्सिलीने खूण करावी. मोबाइलवर पान-पान सरकवत वाचलं तर हे दिसतच नाही, म्हणून कागदावरचा खंडच घ्यावा. दिशेचंही असंच. पुढे जाणारं पात्र मांगात बहुधा डावीकडे तोंड करून चालतं. पडद्यावर ती दिशा कारण नसताना उलटली, की पात्र परत निघाल्यासारखं वाटतं. (पूर्वी अमेरिकेत डावीकडून वाचता यावं म्हणून मांगा आरशासारखी उलटवून छापत, तेव्हा सगळे सामुराई डावखुरे झाले होते.)

आता मनातलं बोलणं. जपानी निवेदनाचा नेहमीचा वेग मिनिटाला 300 अक्षरं, म्हणजे सेकंदाला पाच. स्पष्टीकरणाने भरलेल्या पानावर दीडशे अक्षरं असतील, तर ती बोलायला 30 सेकंद लागतात, वाचायला त्याहून बरेच कमी. तलवार हवेत असताना नायक पानभर विचार करतो हे कागदावर खपतं, कारण कागदावर वेळ थांबलेलाच असतो. पडद्यावर तलवार अर्धा मिनिट लटकलेली दिसते. उपाय तीन. चित्रात दिसतंय ते बोलणारी वाक्यं आधी काढावीत, मारामारी बघणाऱ्यांची ‘किती वेगवान आहे हा!’ छापाची वाक्यं तर सगळ्यात आधी. उरलेला विचार लढाईच्या आधी किंवा नंतर, शांत कटावर हलवावा. तरीही उरला, तर तो अभिनयात आणि कॅमेऱ्यात घालावा. ‘नेव्हरलँड’च्या पहिल्या हंगामाने मांगातली मनोगतं जवळपास काढूनच टाकली आणि मुलांची भीती नजरांवर, लांबलचक कॉरिडॉरवर, दाराच्या फटीतून बघणाऱ्या कॅमेऱ्यावर सोपवली. काही वाचक यावर नाराज झाले, कारण त्या मांगाची अर्धी गंमत डावपेच ऐकण्यात आहे. मला हा बदल पटतो, पण सरसकट नियम म्हणून नाही. ज्या मांगात विनोदच मनोगतात आहे, तिथे ते काढलं तर हातात सांगाडा उरेल.

‘फ्रीरेन’ याच्या बरोबर उलट टोकाला आहे. मांगा मुळातच कमी बोलते, लढाया थोडक्या चौकटींत उरकते. मालिकेने लढाया फुलवल्या आणि संवादांच्या मधल्या जागांत वारा, पावलं, भांड्यांचे आवाज भरले. यात भर पुष्कळ आहे, तरी कुणी बेइमानी म्हणत नाही, कारण भर पडली ती वाचक आपणहून थांबतो त्याच जागी.

ध्वनिशब्दांबद्दल थोडक्यात. मांगातला आवाज चित्रात लिहिलेला असतो, मालिकेत तो ऐकू येतो, म्हणून लिहिलेला काढतात. अपवाद ‘जोजो’ची 2012 पासूनची मालिका. तिथे ‘गोगोगोगो’ ही अक्षरं पडद्यावरच ठेवली, कारण त्या मांगात अक्षरं म्हणजे आवाज नाही, दबाव आहे. ‘शीऽऽन’ हा शांततेचा शब्द मात्र संगीत-दिग्दर्शकाला वेगळा दाखवावा, नाहीतर तिथे हमखास पार्श्वसंगीत येतं.

रेषांची तडजोड टाळता येत नाही. मांगाकार एक पात्र पानावर चार वेळा काढतो, मालिकेच्या एका भागाला 3,000 ते 5,000 चित्रं लागतात आणि ती डझनभर वेगवेगळे हात काढतात. म्हणून पात्र-रचनाकार केसांच्या बटा मोजून कमी करतो, कपड्यांच्या चुण्या ठरवून देतो. ‘डेमन स्लेयर’मधल्या तान्जिरोचा चौकड्यांचा हाओरी, म्हणजे किमोनोवरचा सैल कोट, बघा: कापडाला घडी पडली की प्रत्येक चौकडा वाकला पाहिजे, प्रत्येक चित्रात. असं ओझं उचलायचं असेल तर ते आधी ठरवून, दुसरीकडे रेषा वाचवून उचलावं. कुठली रेषा वाचवायची नाही हेही ठरवावं. मांगाकाराची ओळख जाड-बारीक होणाऱ्या रेषेत असेल आणि तुम्ही ती एकसारखी बारीक केलीत, तर नाकडोळे बरोबर येऊनही माणूस परका दिसतो. रंगाच्या बाबतीत लेखकाची रंगीत पानं आधार म्हणून घ्यावीत, पण त्यांत एकाच कोटाच्या तीन छटा सापडतात. एक निवडून लेखकाची सही घ्यावी.

एक बदल तर नियमामुळे होतो. 16 डिसेंबर 1997 ला ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने जपानभर शेकडो मुलं आजारी पडली. एप्रिल 1998 पासून प्रसारणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकवणं टाळायचं, भडक लाल रंगाचं चमकणं तर फारच जपून. मांगातला विजेचा काळा-पांढरा स्फोट जसाच्या तसा हलवला, तर तपासणीत तो भाग अंधुक करून परत येतो. आधीच दोन चमकांत बसवावा, तिसरीच्या जागी स्थिर पांढरी फ्रेम ठेवावी.

लेखकाच्या देखरेखीचा विषय नाजूक आहे. जपानच्या कॉपीराइट कायद्याच्या 27 व्या कलमातला रूपांतराचा हक्क करारात देता येतो. 20 व्या कलमातला, आपल्या मर्जीविरुद्ध बदल होऊ न देण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, तो विकता येत नाही. व्यवहारात पटकथा निर्मात्याकडून प्रकाशनाच्या संपादकाकडे आणि तिथून लेखकाकडे जाते, उत्तर त्याच वाटेने परत येतं, आणि तीन तोंडांतून आलेलं ‘हे जरा वेगळं वाटतंय’ कुणालाच कळत नाही. लेखक दर आठवड्याला 19 पानं काढत असतो, त्याला ‘पटकथा कशी वाटली?’ असं विचारू नये. नेमकं विचारावं: हे वाक्य पुढे परत येणार आहे का? हे पात्र आता खोटं बोलतंय का? हा डाग जन्मखूण आहे की जखम? आवाज देणाऱ्याला कोणतं गुपित आधी सांगायचं? ‘ब्रदरहुड’च्या वेळी मांगाचं शेवटचं प्रकरण 11 जून 2010 ला आलं आणि मालिकेचा शेवटचा भाग 4 जुलैला. तीन आठवड्यांत अर्ध्या तासाचा भाग तयार होत नाही, म्हणजे शेवट स्टुडिओला कितीतरी आधी ठाऊक असणार. तेवढा विश्वास असेल तरच चालू मांगाशी प्रामाणिक राहता येतं.

शेवटची तपासणी आवाज भरण्याआधी करावी. ‘आफुरेको’ला, म्हणजे आवाज भरण्याच्या वेळी, बऱ्याचदा चित्रं पूर्ण नसतात, कोन्तेचीच चित्रं क्रमाने लावून त्यावर कलाकार बोलतात, कोण कधी बोलायचं ते रंगीत खुणांवरून कळतं. पाच सेकंदांच्या वाक्याला कोन्तेत साडेतीन दिले असतील, तर कलाकार ते पळवतो आणि पुढे कुणालाच ते दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्याच्या दोनेक आठवडे आधी, मांगा न वाचलेल्या एका माणसाला ही कोन्तेची फीत दाखवावी आणि मांगा पाठ असलेल्या दुसऱ्याला शेजारी खंड देऊन बसवावं. पहिल्याने ‘हे कोण?’ विचारलं ती जागा आणि दुसऱ्याने पान उलटायच्या आत पडदा पुढे गेला ती जागा, दोन्ही वहीत लिहाव्यात. एकाच कटावर दोघेही अडखळले, तर तिथे सेकंद वाढवावेत आणि ते स्पष्टीकरणाच्या एखाद्या पानातून काढावेत.